देवीदासने निवडलेला कोट

अमरावतीच्या कॅम्पात देवीदासला दोन नावं होती. बंगल्यांमध्ये तो कपड्यांचा देवीदास होता आणि नोकरांच्या चाळीत, त्याच्या माघारी, देवीदास मडम. दोन्ही नावं त्यानं आपल्याच गुणांनी कमावली होती, तेव्हा दुसऱ्या नावाबद्दल त्याची कीव करायचं कारण नाही. साहेबाच्या कॉलरला एक सुरकुती दिसली तर ह्या माणसाला जेवण जात नसे. स्वतःच्या अंगात विटकी बंडी, डोक्याला मळकं पागोटं. पण साहेबाच्या दोन्ही पायांतल्या मोज्यांची दुमड एका उंचीवर नसली, की व्हरांड्यात गुडघे टेकून ती बोटांनी मोजायचा. हौसेला मोल नाही म्हणतात. देवीदासच्या हौसेला मोल होतं, आणि ते दुसऱ्याच माणसानं चुकतं केलं.

देवीदास मूळचा तिवशाचा, माळ्याचा मुलगा. बापाच्या मळ्यातली फुलं आणि वांगी घेऊन तो कॅम्पात यायचा. एका सकाळी आटूड साहेबाच्या बंगल्यावर तो टोपली घेऊन उभा होता. हा साहेब एका विलायती कापूस कंपनीचा एजंट. नाव ॲटवुड, पण कॅम्पानं त्याचा आटूड करून टाकला होता. साहेब गोल्फ खेळायला निघाला होता, अंगात हिरवा कोट आणि पायांत तांबडे मोजे. देवीदासनं कोणी न विचारता मान हलवली. साहेबानं का म्हणून विचारलं, तर ह्यानं टोपलीतली दोन फुलं शेजारी शेजारी धरून दाखवली आणि म्हणाला की असा हार गुंफला तर माझा बाप मला मळ्यात उभं करणार नाही. साहेब हसला, आत गेला आणि मोजे बदलून आला. महिन्याभरात टोपली सुटली आणि देवीदास साहेबाच्या कपाटापाशी नोकरीला लागला.

गोल्फचं मैदान वडाळीच्या वाटेला होतं. मैदान म्हणायचं, एवढंच. विलायतेत म्हणे पायाखाली मऊ हिरवळ असते. इथं काळी माती. नऊ भोकांभोवती रेती पसरून ती दाताळ्यानं सारखी करायची आणि तिलाच हिरवळ समजायचं. पण काळ्या मातीचे नखरे देवीदासला जन्मापासून ठाऊक. पावसाळ्यात खिळ्यांच्या बुटांना चार पावलांत शेर शेर चिखल धरतो, म्हणून त्यानं मोच्याकडून सपाट तळव्याचे जोडे करून घेतले. दिवाळीनंतर कुसळं लोकरी मोज्यांत शिरतात, म्हणून वरून कातड्याच्या पट्ट्या. उन्हाळ्यात पांढरी जीनची सुती विजार, डोक्यावर सोल्याची, म्हणजे भेंडाची हलकी हॅट, आणि कोटाच्या खिशात एक कांदा. ऊन बाधू नये म्हणून वऱ्हाडात पोरासोरांच्या खिशात कांदा असतोच. साहेबाच्या खिशात तो पहिल्यांदा गेला. साहेब नाक मुरडायचा, पण काढून टाकायचा नाही. पाहता पाहता इतर बंगल्यांतून निरोप येऊ लागले, की आज काय घालावं ते देवीदासला विचारून या.

मग अकोल्याचं प्रकरण झालं. वर्षातून एकदा अमरावतीचे साहेब आणि अकोल्याचे साहेब यांची गोल्फची लढत व्हायची, एक वर्ष इथं, एक वर्ष तिथं. १९२५ साली ती अकोल्याला झाली. आटूड साहेबाच्या विजारीला गुडघ्यावर ठिगळ होतं. साहेबाला ते ठिगळ आवडायचं, आणि त्या दिवशी त्यानं तीच घालायचा हट्ट धरला होता. अकोल्याच्या साहेबाचा चंद्रभान नावाचा नोकर चार माणसांत देवीदासला म्हणाला, “तुमचा साहेब खेळाले आला का वावरात निंदाले?” सगळे पोट धरून हसले.

पुढच्या वर्षीची लढत अमरावतीला होती. देवीदासनं साहेबाच्या मागे लागून मुंबईच्या दुकानातून कापडाचे नमुने मागवले. टपालानं पंचवीस तुकडे आले. ते त्यानं व्हरांड्यात उन्हात मांडले, सावलीत मांडले, ओले करून पाहिले, मैदानावरच्या मातीवर ठेवून पाहिले. शेवटी एक जाड लोकरी कापड काढलं, तपकिरी, त्यात विटकरी रंगाची बारीक चौकट. त्याचा कोट, त्याचीच गुडघ्याखाली फुगलेली तोकडी विजार, त्याचीच चपटी टोपी. मोजे शेवंतीच्या पिवळ्या रंगाचे, आवळायच्या पट्ट्यांना विटकरी गोंडे. डाव्या हातासाठी मऊ कातड्याचा हातमोजा. कापड थंडीचं होतं. लढत माघात ठरली होती, तेव्हा निवड चुकली असं कोणी म्हणू शकलं नसतं.

पण लढत पुढे ढकलली गेली आणि चैत्रातल्या शनिवारावर आली. चैत्रात वऱ्हाडात काय ऊन असतं ते सांगायला नको. त्या सकाळी देवीदासनं कपाट उघडलं. एका बाजूला पांढरी जीन आणि सोल्याची हॅट, दुसऱ्या बाजूला नवा लोकरी सूट. त्याला सगळं समजत होतं. समजत नव्हतं असं म्हणायची सोय त्यानं पुढे स्वतःलासुद्धा ठेवली नाही. पण डोळ्यांपुढे चंद्रभान होता. त्यानं लोकरी सूट पलंगावर मांडला, आणि नव्या कोटाला वास लागेल म्हणून कांदा ठेवला नाही. साहेबानं सुटाकडे पाहिलं, देवीदासकडे पाहिलं आणि हात बाह्यांत घातले.

चंद्रभाननं तो सूट पाहिला. त्याचं तोंड उतरलेलं देवीदासनं डोळे भरून पाहून घेतलं. सातव्या भोकापाशी साहेब काठीवर टेकला, मग गुडघ्यांवर आला, मग रेतीत आडवा झाला. बंगल्यावर आणेपर्यंत अंग तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. संध्याकाळी साहेब गेला. डॉक्टरनं कोट उचलून हातात तोलला आणि विचारलं, असल्या उन्हात हे ह्यांना कोणी घालायला दिलं? देवीदास म्हणाला, “साहेबानंच हट्ट धरला. म्या नाई म्हणत होतो.”

डॉक्टरनं ते लिहून घेतलं आणि तसंच विलायतेला साहेबाच्या बहिणीला कळवलं. आटूड साहेबाचं लग्न झालेलं नव्हतं. ती एक बहीणच काय ती त्याची. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं कॅम्पात सगळे साहेबाचे गुण गाऊ लागले, आणि प्रत्येक जण शेवटी म्हणायचा, पण माणूस हट्टी हो. देवीदासची बायको माणिकबाई बाजारात बायकांना हेच सांगायची. माझ्या नवऱ्यानं लाख सांगितलं, पण गोऱ्या माणसापुढे कोणाचं चालतं? देवीदास ऐकायचा आणि खाली मान घालून बसायचा.

ज्येष्ठात बहिणीचं पत्र कंपनीच्या कचेरीत आलं. भावाचं बाकी सामान विकावं, पण खेळायचे कपडे त्याच्या नोकराला द्यावेत. त्याप्रमाणे पेटी देवीदासच्या खोलीत आली. लोकरी सूट त्यानं स्वतःच्या हातानं धुऊन, वाळवून, अगदी तळाशी ठेवला. नवीन एजंट आला होता, पण देवीदासनं त्याच्या कपाटाला हात लावला नाही. बागेला पाणी घालायचं काम मागून घेतलं.

त्याच सुमारास आवाज सुरू झाला. भर दुपारी बाराच्या ठोक्याला मैदानाच्या बाजूनं टक् असा आवाज यायचा. काठी चेंडूवर नीट बसली की येतो तसा, कोरडा आणि एकच. ह्या वेळेला मैदानावर चिटपाखरू नसे. वऱ्हाडात भर दुपारची वेळ चांगली मानत नाहीत, आणि साहेब लोक पडदे ओढून झोपलेले. देवीदासनं दोनदा जाऊन पाहिलं. तापलेली माती, हात हात खोल भेगा, वर थरथरणारी हवा. दुसऱ्या वेळी सातव्या भोकाजवळच्या रेतीवर सपाट तळव्याच्या जोड्यांचे ठसे होते. ते भोकापर्यंत गेलेले होते आणि परत आलेले नव्हते. देवीदास उलट्या पावलांनी मागे सरकत सरकत रस्त्यापर्यंत आला आणि त्यानंतर गेला नाही. माणिकबाईला तो आवाज कधीच ऐकू आला नाही. चोराच्या मनात चांदणं, असं आपण म्हणून मोकळे झालो असतो, पण चाळीतलं कुत्रं रोज बाराला कान उभे करून मैदानाकडे पाहायचं, आणि त्याच्या मनात काही चोरी नव्हती.

आषाढात त्यानं कपड्यांना वारा द्यायला पेटी उघडली. कोट तळाशीच होता. पण कॉलर हाताला ओली लागली. पावसाची ओल असेल म्हणून त्यानं नाकाशी धरली, तर घामाचा वास, ताजा, आणि त्यात साहेब ओढायचा ती तंबाखू. पिवळ्या मोज्यांना घोट्यापाशी कुसळं टोचलेली होती. त्या दिवसांत मैदानावर गवत नुकतं बोटभर उगवलेलं होतं. कुसळं धरायला आश्विन यावा लागतो. देवीदासनं एकेक कुसळ नखांनी उपटून काढलं. आठ दिवसांनी पाहतो तर कॉलर पुन्हा ओली. मग त्यानं पेटीला कुलूप घातलं, आणि कुलपाच्या आतसुद्धा कॉलर ओलीच होत राहिली.

पितृपक्ष आला तेव्हा त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पितर बसवायची रीत होती. मेलेल्याच्या वयाचा, त्याच्या बांध्याचा एक माणूस बोलवायचा, त्याचे पाय धुवायचे, नवं वस्त्र द्यायचं, पाटावर बसवून मेलेल्याच्या नावानं हाक मारायची आणि जेवू घालायचं. शेवटी विचारायचं, तृप्त झाले का? तो हो म्हणाला की मेलेला सुटला. देवीदासनं ठरवलं, आटूड साहेबाचा पितर बसवायचा. माणिकबाईनं कपाळावर हात मारून घेतला. आपल्या पाटावर गोरा पितर? साहेबाच्या देवाला तरी चालेल का? पण नवऱ्याचं तोंड पाहून ती वड्यांची डाळ निवडायला बसली. गेल्या चार महिन्यांत तो निम्मा राहिला होता.

गोऱ्या साहेबाच्या नावानं बसायला कोणी तयार होईना. शेवटी पुंजाराम कबूल झाला. मातीच्या भेगांत गेलेले चेंडू वाकड्या तारेनं काढून द्यायचं काम तो मैदानावर करायचा. साहेबाएवढाच उंच, तसाच काटकुळा, वय पन्नासच्या आसपास, आणि जन्माचा मुका. तृप्त झालो हे तो मानेनं सांगेल, असं ठरलं.

सर्वपित्रीच्या सकाळी देवीदासनं पेटी उघडून सगळे कपडे चटईवर मांडले आणि त्याचे हात थांबले. ज्या हातांनी एकदा निवडलं तेच हात पुन्हा निवडायला बसले होते. रीतीप्रमाणे मेलेल्याला आवडेल ते द्यायचं. साहेबाला काय आवडायचं? इतक्या वर्षांत साहेबाला काय शोभतं हे त्यानं रोज पाहिलं, पण काय आवडतं हे विचारल्याचं त्याला आठवेना. हट्ट म्हणून साहेबानं एकदाच केला होता, त्या ठिगळाच्या विजारीचा. ती त्यानं अकोल्याहून आल्या आल्या भंग्याला देऊन टाकली होती. शेवटी त्यानं पांढरी जीन उचलली, पातळ पांढरे मोजे, सोल्याची हॅट. खिशात कांदा ठेवला. लोकरी सूट घडी करून परत पेटीत टाकला.

बाराच्या सुमाराला पुंजाराम पाटावर बसला. शेजारची चार माणसं आली होती; मनात हसायचं घेऊन आली होती, पण दारातून पाठमोरा पितर दिसल्यावर कोणी हसलं नाही. पान वाढलं होतं. वडे, कढी, खीर, आणि साहेब डोळ्यांतून पाणी काढत खायचा तो माणिकबाईचा ठेचा, भाकरीसोबत. देवीदासनं हात जोडले आणि म्हणाला, “आटूड साहेब, जेवा.”

पुंजारामनं पानाला हात लावला नाही. मांडीवर हात ठेवून तो खाली आपल्या पांढऱ्या बाहीकडे पाहत बसला. हॅटच्या सावलीत त्याचं तोंड दिसत नव्हतं. बाहेर मैदानाकडून नेहमीचा आवाज आला नाही, हे देवीदासच्या लक्षात आलं, आणि त्याच वेळी कोणीतरी हळू, साहेब बोलायचा तसं एकेका शब्दावर थांबत विचारलं, “हे कपडे कोणं निवडले?”

“म्या निवडले, साहेब.”

“अन् ते?”

पुंजाराम हलला नव्हता. कढीवरची वाफ थांबली होती. “ते बी म्याच निवडले,” देवीदास म्हणाला. “ऊन हाय हे मले दिसत होतं. चंद्रभानले दाखवाले म्या तुमच्या अंगावर घातले. अन् डाक्टरले खोटं सांगतलं, का तुमी हट्ट धरला.”

मग पुंजारामनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि जेवायला लागला. पान पुसून जेवला. तृप्त झाले का असं विचारल्यावर त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, यावर शेजाऱ्यांचं एकमत झालं नाही.

सगळे गेल्यावर माणिकबाईनं विचारलं, “तुमी कोणासंग बोलून राहिले होते?” देवीदासनं पितराच्या रिकाम्या पाटाकडे बोट केलं. ती म्हणाली की आम्ही पाचही जणांनी फक्त तुमचंच बोलणं ऐकलं. मग ती खरकटं न उचलता तशीच बसून राहिली. सहा महिने बाजारात आपण काय सांगत फिरलो, ते आता तिला कळत होतं. रागावली असती तर देवीदासला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “साहेबाले सांगून काय होते? त्याले तं मालूमच होतं. ज्याले मालूम नाई, त्याले सांगा.”

त्या दिवसापासून कोटाची कॉलर कोरडी राहिली. पण बाराचा आवाज दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू झाला, आणि आता तो मैदानावरून येत नव्हता, बंगल्याच्या फाटकापाशी येत होता. देवीदास चौथ्या दिवशी कंपनीच्या कचेरीत उत्तमरावांकडे गेला. उत्तमराव इंग्रजी जाणणारे कारकून. बहिणीला पत्र लिहायचं आहे म्हटल्यावर त्यांनी आधी चष्मा काढून त्याची समजूत घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आता कोण विचारतंय तुला, नोकरी जाईल, कदाचित चौकशी लागेल. देवीदास उठला नाही. शेवटी कंटाळून उत्तमरावांनी कागद ओढला आणि तो सांगेल तसं लिहिलं. पत्र आठ ओळींचं झालं. आपल्या भावानं हट्ट केला नव्हता, एवढंच त्यात होतं.

उत्तर पौषात आलं. देवीदास बागेतून ओल्या हातांनीच धावत कचेरीत गेला. उत्तमरावांनी लखोटा फोडला, आधी मनात वाचला, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मोठ्यानं वाचा म्हणायचं धाडस देवीदासला होईना. त्याला वाटलं, चौकशीच लागली.

उत्तमरावांनी मराठी करून सांगितलं ते असं. बाईंना हे पहिल्यापासून माहीत होतं. विलायतेची डाक गुरुवारी निघायची, आणि त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी साहेबानं बहिणीला पत्र टाकलं होतं. ते पत्र बाईंनी उतरवून पाठवलं होतं. साहेबानं लिहिलं होतं, की लढत उन्हात आली आहे आणि देवीदासनं निवडलेला सूट म्हणजे नुसती भट्टी आहे. पण गेल्या वर्षी माझ्या ठिगळामुळे त्याचा चार माणसांत अपमान झाला, आणि तो ह्या सुटाकडे रोज ज्या नजरेनं पाहतो ते पाहून मला नाही म्हणवत नाही. एक दिवस घामाघूम झालो तर मरत नाही. खाली बाईंचं आणखी एक वाक्य होतं, की म्हणूनच मी कपडे तुला द्यायला सांगितले, आणि तू लिहिशील म्हणून आजवर वाट पाहिली.

देवीदासनं साहेबाचं पत्र तेवढं पुन्हा वाचायला सांगितलं. उत्तमरावांनी पुन्हा वाचलं. त्यानं विचारलं, गुरुवार नक्की का? नक्की, तारीख आहे, उत्तमराव म्हणाले.

“म्हंजे त्यानं माह्यासाठी घातला,” देवीदास म्हणाला. “अन् म्या सांगतलं, हट्टानं घातला.”

उत्तमरावांनी पत्राची घडी करून त्याच्या हातात दिली, आणि देवीदासचे हात ओले आहेत हे पाहून परत घेऊन आपल्या खणात ठेवली.